नमुना नेला, निकाल सांगायला कोण आलं? आरोग्य केंद्रावरचा विश्वास गावात पुन्हा कसा बांधायचा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर गेल्या वर्षी आम्ही रक्तदाब आणि साखर तपासायला बसलो होतो. अंगणवाडीच्या पडवीत रांग होती. एका आजींची पाळी आली तेव्हा त्यांनी हात पदराखाली ओढून घेतला. मला वाटलं, सुईला भ्यायल्या. त्या म्हणाल्या, "नाकांत काडी घालून नमुनो व्हेलो, मागीर कोणूच सांगूंक येवंक ना." २०२० च्या पावसाळ्यात त्यांचा नमुना घेतला होता. निकाल काय आला ते सांगायला कोणी परत गेलं नव्हतं. चार वर्षं त्यांनी हे मनात ठेवलं होतं आणि आता आम्ही पुन्हा काहीतरी न्यायला आलो होतो.

मी २७ वर्षं एएनएम, म्हणजे गावपातळीवरची सरकारी परिचारिका, म्हणून काम केलं. महामारीची दोन वर्षंही त्यातच आली. निवृत्तीनंतर तीन गावांच्या आरोग्य समित्यांना मदत करते. लोकांचा आरोग्य खात्यावरचा विश्वास का उडाला, यावर मी बरीच भाषणं ऐकली आहेत. त्यांत अफवा, व्हॉट्सॲप आणि लोकांचं अज्ञान यांचीच नावं घेतली जातात. मला दिसलेलं कारण बहुतेक घरांत त्या आजींसारखंच आहे. आपण लोकांच्या दारी काहीतरी न्यायला गेलो: नमुना, माणूस, सही, आकडा. उत्तर घेऊन परत गेलो नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या परत जाण्याच्याच आहेत. वैद्यकीय अधिकारी, सिस्टर, बहुउद्देशीय कर्मचारी, अंगणवाडी सेविका, पंच, महिला मंडळ, ज्यांना आपल्या गावापुरतं हे काम हाती घ्यायचं आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. पैसा फारसा लागत नाही. वेळ मात्र दीड वर्ष धरून चाला.

आधी तारखांचा कागद करा

कोणाच्या घरी जाण्यापूर्वी एक कागद तयार करा. डाव्या बाजूला तारीख, मध्ये त्या वेळी राज्यात काय घडलं, उजवीकडे आपल्या गावात काय घडलं आणि आपण लोकांना काय सांगितलं. हे काम दोन संध्याकाळींत होतं. जुनी रजिस्टरं, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि सहकाऱ्यांची आठवण एवढं पुरतं.

आमच्या कागदाची सुरुवात २५ मार्च २०२० पासून होते. त्या रात्री गोव्यातले पहिले ३ रुग्ण जाहीर झाले. पुढे रुग्ण सात झाले, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते सातही बरे झाले आणि गोवा हरित विभागात गेला. त्या दिवसांत आम्हाला रस्त्यात थांबवून लोक नमस्कार करत. जूनच्या सुरुवातीला वास्कोत मांगोर हिल प्रतिबंधित क्षेत्र झालं, आणि 'गोवा सुरक्षित आहे' हे वाक्य लोकांच्या डोळ्यांसमोर खोटं ठरलं. पुढे मे २०२१ आला. बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्राणवायूअभावी माणसं जात असल्याच्या बातम्या आल्या. एकाच दिवशी आरोग्यमंत्री तुटवडा आहे म्हणाले, तर मुख्यमंत्री म्हणाले की साठा आहे, तो वॉर्डात वेळेवर पोचत नाही. प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं. त्याच आठवड्यात, १० मे रोजी, १८ वर्षांवरच्या सगळ्यांना प्रतिबंधक म्हणून आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा झाली. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मात्र हे औषध चाचण्यांपुरतंच वापरा असा होता. साथीच्या काळात या छोट्या राज्यात सुमारे ४,००० माणसं गेल्याची नोंद आहे. २०११ च्या जनगणनेत आपण जेमतेम साडेचौदा लाख होतो, तेव्हा ज्याच्या ओळखीतलं कोणी गेलं नाही असं घर शोधावं लागेल.

हा कागद कोणावर खटला भरण्यासाठी नाही. लोक बोलायला लागले की तारखा आणि माणसं मिसळतात. कोणत्या दिवसाबद्दल ते बोलत आहेत हे तुम्हाला कळलं पाहिजे. आणखी एक उपयोग होतो. आपणच त्या दिवशी काय सांगितलं होतं ते पाहिल्यावर दुसऱ्याला अडाणी म्हणायची इच्छा राहत नाही.

एका आकड्याने मात्र फसू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये राज्यातल्या सर्व पात्र प्रौढांना पहिला डोस मिळाल्याचं सरकारने जाहीर केलं. पंचायतीत लसीकरणाचे 'टीका उत्सव' भरले, रांगा लागल्या. त्यावरून विश्वास शाबूत आहे असं वरच्या बैठकांत म्हटलं जायचं. माझ्या रांगेतले कितीतरी लोक कामावर घेणार नाहीत म्हणून किंवा शेजारी गेला त्या भीतीने आले होते. भीतीने आलेला माणूस पुढच्या वेळी येईलच असं नाही.

पहिली पायरी: हात रिकामे ठेवून ऐकायला जा

जाताना पिशवीत लस नको, फॉर्म नको, पत्रक नको. दोघांनी जायचं, त्यांतली एक व्यक्ती त्या गावची असावी. एक वही. वेळ दुपारी चारनंतरची, म्हणजे बायकांची जेवणखाण आवरून झालेली असतात. चवथीच्या आधीचे आठ दिवस, जत्रेचे दिवस आणि काजूचा हंगाम टाळा. एका दिवसात तीनपेक्षा जास्त घरं घेऊ नका. मी पहिल्या दिवशी सात घेतली आणि शेवटच्या घरी माझं लक्षच नव्हतं, हे त्या घरच्यांना कळलं.

कोणत्या घरांपासून सुरुवात करायची ते आधी ठरवा. ज्या घरातलं माणूस गेलं ती घरं पहिली. मग ज्यांना घरातून उचलून विलगीकरणात नेलं आणि परत आल्यावर ज्यांच्याशी वाड्याने बोलणं टाकलं, ती. मग लस नाकारणारी. उलट क्रम लावला तर तुम्ही पुन्हा लसीसाठीच आलात असं लोक धरून चालतात.

प्रश्न तीनच विचारा. त्या दिवसांत आमच्याकडून तुम्हाला काय मिळालं नाही? कोणत्या गोष्टीचं उत्तर अजून राहिलं आहे? आज घरात ताप आला तर तुम्ही आधी कोणाकडे जाल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात खरं असतं. 'केंद्रात येऊ' असं तोंडावर म्हणतील. तेव्हा मागचा ताप कधी आला होता आणि त्या वेळी कोणाकडे गेला होतात, ते विचारा.

समोरचा जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. आमच्या भागात लोक घरात कोंकणी बोलतात, पेपर मराठी वाचतात आणि सरकारी कागद इंग्रजीत येतो. तुम्ही वहीत 'समुपदेशनाचा अभाव' असं लिहिलंत तर 'आमचो बापूय कसो मेलो तें कोणें सांगलें ना' हे वाक्य हरवतं. वास्को, झुआरीनगरसारख्या भागात काम असेल तर कानडी बोलणारी व्यक्ती बरोबर न्या. मुलांना दुभाषी करू नका. आईच्या दुःखाचं भाषांतर दहा वर्षांच्या मुलाकडून करवून घेणं क्रूर आहे.

सगळ्यात अवघड भाग आता. मध्ये बोलायचं नाही. 'आम्हालाही त्रास झाला', 'तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं', 'वरून आदेश होता', हे सगळं खरं असलं तरी त्या दिवशी तोंडातून काढायचं नाही. एका घरी मला शिव्या बसल्या. त्या घरातल्या मुलाला वडिलांचा चेहरा शेवटचा पाहू दिला नव्हता. मी पीपीई किटमध्ये तिथेच उभी होते, त्याने मला ओळखलं. मी ऐकून घेतलं, वहीत लिहिलं आणि म्हटलं, "पंधरा दिवसांत मी परत येते." तो म्हणाला, "येणार नाही तुम्ही." पंधराव्या दिवशी मी गेले. कामाची सुरुवात मी त्या दिवसापासून मोजते.

वही भरली की प्रत्येक नोंदीसमोर तीनपैकी एक खूण करा: हे उत्तर आपल्याकडे आहे, ही चूक आपली आहे, हे आपल्या हातात नाही. तिसऱ्या खुणेचा मोह होतो, कारण ती सोपी आहे. ती करायची असेल तर कोणाच्या हातात आहे ते समोर लिहिण्याची सक्ती स्वतःवर करा.

दुसरी पायरी: पंधरा दिवसांत परत जा

इथेच बहुतेक उपक्रम मरतात. ऐकण्याचे कार्यक्रम पुष्कळ होतात, फोटो निघतात आणि वही कपाटात जाते. मग लोकांना दुसऱ्यांदा तोच अनुभव येतो: नेलं आणि परत आले नाहीत. पंधरा दिवसांत परत जाणं जमणार नसेल तर पहिली पायरी सुरूच करू नका.

ज्यांचं उत्तर आपल्याकडे आहे त्यांना ते कागदावर द्या. जुना चाचणी निकाल रजिस्टरमध्ये सापडला तर सही-शिक्क्यासह लिहून द्या. सापडला नाही तर 'नोंद सापडली नाही' हेही सही-शिक्क्यासह लिहून द्या. हा कागद देताना अधिकारी कचरतात. पण नाही म्हणणारा कागदसुद्धा माणसाला 'मला उत्तर मिळालं' हे समाधान देतो, आणि पुढे कुठे जायचं ते त्याला कळतं.

रुग्णालयात माणूस गेला असेल त्या घरांना चार गोष्टी नेमक्या माहीत हव्यात. एक, रुग्णाची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, असा वैद्यकीय आचारसंहितेचा २००२ सालचा नियम आहे. त्याच नियमात भरती रुग्णाची कागदपत्रं ३ वर्षं जपायला सांगितली आहेत, त्यामुळे २०२१ ची कागदपत्रं आता मिळतीलच असं सांगू नका; अर्ज मात्र करायला लावा आणि उत्तर लेखी मागा. दोन, सरकारी रुग्णालय उत्तर देत नसेल तर माहिती अधिकार आहे. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. गोव्यात माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा १९९७ मध्येच झाला होता, देशाचा २००५ मध्ये, तेव्हा हे आपल्याला नवीन नाही. तीन, २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनेनुसार चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू कोविडचा धरायचा होता, माणूस रुग्णालयाबाहेर गेला असला तरी. त्यात अपघात, आत्महत्या, खून, विषबाधा यांसारखे मृत्यू धरले नव्हते. दाखल्यावर कारण वेगळं लागलं असेल तर दाद मागायला जिल्हा पातळीवर समिती नेमायची होती. चार, वारसांना ५०,००० रुपयांची मदत होती आणि मुदत हुकलेल्यांना तक्रार निवारण समितीकडे जाण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने ठेवली होती. आज त्या अर्जाचं काय होईल ते मामलेदार कचेरीत किंवा जिल्हाधिकारी कचेरीत आधी तुम्ही स्वतः विचारून या. घरच्यांना 'तिथे जाऊन बघा' म्हणू नका. दुःखात असलेल्या माणसाला तीन कचेऱ्या फिरवणं म्हणजे जुनी जखम उकलणं.

आता चूक आपली असेल तेव्हा. डॉक्टरांना भीती वाटते की 'चुकलं' म्हटलं तर उद्या न्यायालयात तेच वाक्य उभं राहील. ही भीती खोटी नाही, आणि उपचारात हयगय झाली की नाही हे ठरवणं गावातल्या सिस्टरचं कामही नाही. त्यामुळे जे तुम्ही स्वतः केलं आणि स्वतः पाहिलं तेवढ्याबद्दलच बोला. आम्ही वापरतो ते शब्द साधारण असे असतात: "काका, तुमच्या मुलीला नेलं तेव्हा कुठे नेतो आहोत ते आम्ही सांगितलं नाही. दोन दिवस तुम्हाला फोन केला नाही. हे आमच्याकडून व्हायला नको होतं. मला त्याचं वाईट वाटतं. पुढे असं होऊ नये म्हणून आम्ही रुग्णाला हलवताना एका घरच्या माणसाचा नंबर लिहून घेतो आणि त्याच संध्याकाळी फोन करतो." काय घडलं, ते आमच्याकडून घडलं, वाईट वाटतं, आता काय बदललं. 'जर तुम्हाला त्रास झाला असेल तर' असं कधीही म्हणू नका. त्रास झाला आहे, तो सांगायलाच ते बसले आहेत. आणि बदल अजून केलाच नसेल तर तो आधी करा, मग माफी मागा.

त्या मुलाच्या घरी मी पंधराव्या दिवशी गेले तेव्हा माझ्याकडे द्यायला फारसं काही नव्हतं. त्याच्या वडिलांना पाहू का दिलं नाही, त्या तारखेला काय नियम होता आणि तो पुढे केव्हा सैल झाला, एवढं मी एका कागदावर लिहून नेलं होतं. ठरावीक अंतर राखून चेहरा दाखवण्याची मुभा तेव्हाच्या सूचनांतही होती. आम्हाला ती कोणी समजावली नव्हती आणि आम्ही विचारलीही नाही. मी हे त्याला तसंच सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने आईला हाक मारली आणि म्हणाला, "हिला चहा दे."

तिसरी पायरी: केंद्राच्या दारावरचा फळा

मोठ्या दुःखांची उत्तरं देत असताना रोजच्या कामातही काहीतरी पाळलं जाताना दिसलं पाहिजे. आमच्याकडे त्यासाठी एक काळा फळा आणि खडू आहे. छापील बोर्ड नको; छापील बोर्डावरची वेळ दहा वर्षं तीच असते आणि डॉक्टर कधी येतात हे गावाला वेगळंच माहीत असतं.

फळ्यावर रोज सकाळी चार गोष्टी लिहायच्या. आज डॉक्टर आहेत की नाहीत आणि किती ते किती. आज कोणती नेहमीची औषधं संपली आहेत आणि कधी येणार. मागच्या आठवड्यात किती जणांचे रक्ताचे निकाल द्यायचे होते आणि किती वेळेवर दिले. आज रुग्णवाहिका कुठे आहे. 'संपलेली औषधं' ही ओळ लिहायला सुरुवातीला सगळ्यांचा विरोध होता, लाज जाईल म्हणून. लाज गेली नाही. उलट सहा किलोमीटर चालत येऊन रिकाम्या हाताने परत जाणाऱ्या माणसांचा राग गेला, कारण बस धरायच्या आधी कोणीतरी फोन करून फळा वाचून घ्यायला लागलं.

पाळता येणार नाही ते फळ्यावर लिहू नका. निकाल चार दिवसांत येतो हे माहीत असताना दोन दिवस लिहिलंत तर हा फळाच तुमच्या विरुद्ध साक्ष देईल.

कोणाच्या बाबतीत सुरुवात करायची? रक्तदाब आणि मधुमेहाचे रुग्ण. ते दर महिन्याला येतात, म्हणजे वर्षाला बारा वेळा वचन पाळण्याची संधी. लसीकरणात माणूस एकदा भेटतो. ३० दिवसांच्या गोळ्या एकदम मिळाल्या, नाव घेऊन हाक मारली, मागच्या वेळेचा आकडा वहीत पाहून 'या वेळी उतरला' असं सांगितलं, की तोच माणूस वाड्यावर तुमच्या वतीने बोलतो.

जाता जाता एक: दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे राज्य सरकारच्या आरोग्य विम्याचं, कार्ड अनेक घरांत मुदत संपून पडलेलं असतं आणि ते रुग्णालयाच्या दारातच कळतं. रक्तदाबाच्या रांगेत बसल्या बसल्या कार्डाची तारीख पाहून घ्या. हे आपलं काम नव्हे म्हणाल, पण त्या दारात झालेल्या अपमानाचा राग लोक तुमच्यावरच काढतात.

चौथी पायरी: सल्ला बदलला तर का बदलला ते सांगा

महामारीत सल्ले बदलत गेले. मास्क आधी सगळ्यांना नको होता, मग सक्तीचा झाला. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी लोकांनी रात्र-रात्र फोन केले आणि मे २०२१ मध्ये तो उपचारांच्या सूचनांमधून वगळला गेला. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी ४ ते ६ आठवडे, मग ६ ते ८, मग १२ ते १६. शेवटचा बदल झाला तेव्हा लशींचा तुटवडा होता, म्हणून लोकांनी ठरवलं की लस नाही म्हणूनच अंतर वाढवलं. त्यामागे अभ्यासही होते. पण आम्ही रांगेतल्या माणसाला फक्त "आज नाही, तारीख पुढे गेली" एवढंच सांगून परत पाठवत होतो. शंका आम्हीच पेरली.

सत्तरीला हा धडा आधीच मिळाला होता. २०१५ मध्ये आमच्याकडे माकडताप आला. गोचिडीच्या चाव्याने होणारा हा आजार कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये सापडला होता. त्याची लस आली, घरोघरी दिली. टोचल्यावर दुखायची, एकापेक्षा जास्त डोस लागायचे, नंतर बूस्टर. पुढे तिचा परिणाम पुरेसा नसल्याचं दिसून ती बंद झाली. ज्यांना मी स्वतः ती टोचली होती ते विचारतात, "मग आम्हाला का दिली?" याचं खरं उत्तर असं: त्या वेळी हाताशी तेवढीच लस होती, काही जणांना तिने संरक्षण दिलं, पण पुरेसं नाही हे नंतर कळलं. हे उत्तर मी लाजत देत नाही. लोकांना ते पटतं. पटत नाही ते मौन.

माकडतापाने आणखी एक गोष्ट शिकवली. आम्ही सांगायचो, जंगलात जाऊ नका. फेब्रुवारी ते मे काजूचा हंगाम, वर्षाचा पैसा त्यातच, आणि आम्ही जाऊ नका म्हणतो! पाळता न येणारा सल्ला देणाऱ्याचं पुढचं बोलणंही माणूस ऐकत नाही. मग आम्ही बदललो: जाताना अंगाला तेल लावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि गोचीड तपासा, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवा. हे लोकांनी केलं.

कोणताही नवा सल्ला गावात नेताना पाच वाक्यं लिहून पाहा. आज आम्हाला काय माहीत आहे. काय अजून कळलेलं नाही. म्हणून आज तुम्ही काय करा. मागच्या वेळेपेक्षा काय बदललं आणि का. पुन्हा कोणत्या तारखेला सांगू. शेवटचं वाक्य लोक गाळतात. मी ते सगळ्यात आधी लिहिते, आणि त्या तारखेला नवीन काही नसलं तरी 'नवीन काही नाही' हे सांगायला जाते.

लसीच्या दुष्परिणामांबद्दल हेच. २०२४ मध्ये बातमी आली की कोविशील्डसारख्या लसीने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात हे कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात मान्य केलं. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनला उसंत नव्हती. 'काही नाही, घाबरू नका' हे उत्तर चुकीचं. बरोबर उत्तर: हा परिणाम खरा आहे, फार क्वचित होतो, बहुधा डोसनंतरच्या पहिल्या चार ते सहा आठवड्यांत दिसतो, आणि तुम्हाला डोस घेऊन काही वर्षं झाली आहेत. तेव्हाचा कोणाचा त्रास नोंदायचा राहिला असेल तर मला सांगा, मी लिहून घेते. तेव्हापासून बाळांच्या लसीसाठीही आम्ही दुसऱ्या आणि सातव्या दिवशी आईला फोन करतो. ताप आला असेल तर तिला आधीच माहीत असतं की आपण विचारणार आहोत.

अफवेशी भांडू नका. 'हे तुम्हाला कुठे कळलं आणि त्यातली कोणती गोष्ट तुम्हाला खरी वाटली?' असं विचारा. अफवेच्या आत बहुधा एक खरी घटना असते, कोणाच्या तरी घरात घडलेली.

पाचवी पायरी: ग्रामसभेत हिशेब

गोव्यात ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी भरते. १९१ पंचायतींत ही सोय आयती आहे. सरपंचांना आधी पत्र देऊन आरोग्य केंद्रासाठी पंधरा मिनिटं मागा. पाच मिनिटं हिशेब, दहा मिनिटं प्रश्न. उलट करू नका.

हिशेबात वहीतलेच आकडे द्यायचे. किती घरांचं ऐकलं, किती प्रश्न आले, किती जणांना उत्तर मिळालं, किती राहिले आणि का राहिले. नावं घ्यायची नाहीत. लहान गावात 'वरच्या वाड्यावरची विधवा' म्हटलं तरी नाव घेतल्यासारखंच आहे. आकडा वाईट असेल तर तोच पहिला सांगा. २०२१ च्या मध्याला आधीच्या महिन्यांतले खासगी रुग्णालयांतले साठाहून अधिक मृत्यू उशिरा नोंदले गेले, तेव्हापासून आमच्याकडे लोक कुठलाही आकडा ऐकला की 'आणि लपवलेले किती?' असं विचारतात. त्यांना तो प्रश्न विचारण्याचा हक्क आहे.

व्यासपीठावर राजकारणी नको. हे मी कोणा पक्षाविरुद्ध म्हणत नाही. ज्या दिवशी केंद्राच्या कार्यक्रमात हार-तुरे आले, त्या दिवशी निम्म्या गावाने ठरवलं की केंद्र दुसऱ्या निम्म्याचं आहे.

सहावी पायरी: परत जाणाऱ्यांची काळजी

देशभरात गावपातळीवर आशा कार्यकर्त्या आहेत. गोव्यात महामारीच्या काळात त्या नव्हत्या. म्हणून दुसऱ्या राज्यांची मार्गदर्शिका इथे जशीच्या तशी लागू पडत नाही; तिथे जे काम आशा करते ते इथे एएनएम, बहुउद्देशीय कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका यांच्या डोक्यावर पडतं, आपल्या मूळ कामाशिवाय. त्यांतल्या कितीतरी जणींना तेव्हा घरमालकांनी खोली रिकामी करायला सांगितली होती. त्यांचंही कोणी ऐकलेलं नाही. लोकांच्या घरी जाण्याआधी एक दुपार केंद्राचं दार लावून तेच तीन प्रश्न आपल्या माणसांना विचारा. आणि ऐकण्याच्या भेटी कामाच्या वेळेत धरा, डायरीत नोंदवा. संध्याकाळच्या फुकट श्रमावर हे दीड वर्ष चालणार नाही. चौथ्या महिन्यात माणसं थकतात, हे मी पाहिलं आहे.

सातवी पायरी: पुढच्या साथीची तयारी लोकांसमोर करा

महामारीत आलेली प्राणवायूची यंत्रं अनेक ठिकाणी प्लास्टिकखाली झाकून ठेवलेली आहेत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ओपीडी चालू असताना ती लावा, अर्धा तास चालवा, तारीख आणि सही यंत्रावरच्या कागदावर करा. बसलेले लोक बघतात. पावसाळ्यात वीज गेली तर काय, हा प्रश्न त्यांच्यातूनच आला आणि जनरेटरची बॅटरी मेलेली आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सिलिंडर किती, रिकामे झाले तर कुठून आणि किती तासांत येतात, रात्री कोणाला फोन करायचा, हे एका कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. वाड्यावाड्यावर दोन घरं ठरवून ठेवा: जिथे ऑक्सिमीटर आहे आणि ज्यांना तो वाचता येतो.

विश्वास परततो आहे हे कसं ओळखायचं

सर्वेक्षणाच्या फॉर्मवर 'समाधानी' अशी खूण सगळेच करतात. मी वेगळ्या गोष्टी मोजते. ताप आल्यापासून किती दिवसांनी माणूस केंद्रात आला? आमच्याकडे पूर्वी पाचवा-सहावा दिवस उजाडायचा, आता बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात. तक्रारी वाढल्या का? वाढल्या तर घाबरू नका. ज्याच्याकडून काही अपेक्षा नाही त्याच्याकडे कोणी तक्रार नेत नाही. बरोबर शेजारणीला घेऊन किती जणी आल्या? आणि लस नाकारणाऱ्या घराने कारण सांगितलं की नुसतं दार लावलं?

त्या आजींचा निकाल शोधायला मला तीन आठवडे लागले, पंधरा दिवसांत झालं नाही. पंधराव्या दिवशी जाऊन मी तेवढंच सांगून आले. शेवटी जुन्या रजिस्टरमध्ये त्यांचं नाव सापडलं, चुकीच्या वाड्याखाली, पुढे 'निगेटिव्ह'. डॉक्टरांची सही घेऊन कागद नेला. आजींनी तो नातवाकडून दोनदा वाचून घेतला, घडी घालून देवघरातल्या डब्यात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मागीर म्हाका चवदा दीस कित्याक दवरली?" मग मला चौदा दिवस वेगळं का ठेवलं?

घरातल्या दुसऱ्याचा निकाल पॉझिटिव्ह होता, लागण उशिरा दिसू शकते म्हणून तेव्हा संपर्कातल्यांना १४ दिवस वेगळं ठेवत, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ते मला तेव्हाच का सांगितलं नाही, असं त्यांनी विचारलं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी वही उघडली, तारीख घातली आणि तो प्रश्न लिहून घेतला.